७ नोव्हेंबर : तीन शास्त्रज्ञ, एक क्रांती आणि साताऱ्याच्या शाळेचं रजिस्टर

ज्यांना बस-लोकलच्या गोंगाटात ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे ह्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जे 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' सतराशे साठ वेळा आलं ते काढलंय. बाकी आहे तसंच.

सकाळी व्हॉट्सॲप उघडलं की फॅमिली ग्रुपवर काय असतं? पहिलं सुप्रभात, दुसरं गुलाबाचं फूल आणि तिसरा 'आजचा दिनविशेष'. कुणाचा जन्म, कुणाचा मृत्यू, कुठे युद्ध सुरू झालं, कुठला पूल खुला झाला. आपण अंगठ्याने सरकवून पुढे जातो. आज तसं करायचं नाही. आज एकच तारीख घेऊ, ७ नोव्हेंबर, आणि तिच्यातच जरा मुक्काम करू.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे नंतर कुणी 'हा काय योगायोग!' म्हणत डोळे मोठे करायला नको. वर्षात दिवस ३६५, फार तर ३६६. इतिहासात नोंद झालेल्या घटना लाखो. तेव्हा कुठलीही तारीख उचला, तिच्या पदरात भरपूर काही पडणारच. वर्गात नुसती २३ मुलं असली तरी त्यातल्या कुठल्या तरी दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त असते. ५७ मुलं असतील तर ९९ टक्के. विश्वास बसत नसेल तर ऑफिसच्या ग्रुपवर करून बघा, कारण २३ जणांच्या जोड्या होतात २५३, आणि आपण डोक्यात फक्त 'माझ्या तारखेचा कोण' एवढंच मोजत असतो. त्यामुळे एका तारखेला चार थोर माणसं जन्मली ह्यात ग्रहताऱ्यांचा काही हात नाही.

पण योगायोग असला म्हणून तो बघायचाच नाही असं थोडंच आहे? चार अनोळखी माणसं एका डब्यात शेजारी बसली की बोलणं निघतंच.

तर पहिलं नाव. ७ नोव्हेंबर १८६७, वॉर्सा. मारिया स्क्वोदोव्स्का. आपण तिला मेरी क्युरी म्हणून ओळखतो. पोलंड तेव्हा नकाशावर स्वतंत्र देश नव्हताच, वॉर्सावर रशियाच्या झारचं राज्य होतं. मुलगी शाळेत हुशार, पण तिथल्या विद्यापीठात मुलींना प्रवेश नाही. मग काय करायचं? वॉर्सात एक लपूनछपून चालणारं विद्यापीठ होतं. वर्ग आज ह्या घरात, उद्या त्या घरात, पोलिसांना पत्ता लागू नये म्हणून जागा बदलत राहायची. त्याला 'फिरतं विद्यापीठ' म्हणायचे. मारिया तिथे शिकली. मग तिने आणि थोरल्या बहिणीने, ब्रोन्याने, आपसात करार केला. मारिया श्रीमंतांच्या घरी मुलांना शिकवायची नोकरी करणार आणि त्या पगारावर ब्रोन्या पॅरिसला डॉक्टर होणार, नंतर ब्रोन्या मारियाला बोलावून घेणार. आपल्याकडे 'ताईने नोकरी करून भावाला इंजिनीअर केलं' ही गोष्ट घराघरात असते. इथे धाकटीने थोरलीला शिकवलं. १८९१ मध्ये मारिया पॅरिसला पोचली तेव्हा ती २४ वर्षांची होत आली होती. तुमच्यापैकी ज्यांना 'माझं वय गेलं आता' असं २५ व्या वर्षी वाटतंय, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवा.

पुढचं सगळ्यांना माहीत असतं. १८९८ मध्ये पोलोनियम आणि रेडियम, १९०३ चं पदार्थविज्ञानाचं नोबेल, १९११ चं रसायनशास्त्राचं. दोन वेगवेगळ्या विज्ञानांत नोबेल मिळवणारी ती आजवरची एकमेव व्यक्ती. कमी माहीत असतं ते हे, की १९०३ ला नोबेलसाठी जी शिफारस गेली होती त्यात तिचं नावच नव्हतं. नावं होती नवऱ्याचं, पिएरचं, आणि बेकरेलचं. पिएरला हे आधी कळलं, आणि हे काम तिचंही आहे असं त्याने पत्र लिहून कळवलं, म्हणून नाव आलं. आणि १९११ मध्ये, म्हणजे दुसरं नोबेल मिळालं त्याच वर्षी, फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने तिला सदस्यत्व नाकारलं. अगदी थोड्या मतांनी, पण नाकारलंच.

दुसरं नाव. लीझ माइटनर, व्हिएन्ना, १८७८. वाढदिवस ७ नोव्हेंबर. आणि इथे पहिला बग. व्हिएन्नाच्या ज्यू समाजाच्या जन्मनोंदवहीत तिची तारीख आहे १७ नोव्हेंबर. बाकीच्या सगळ्या कागदांवर ७, ती स्वतःही ७ लाच वाढदिवस करायची. एक आकडा इकडचा तिकडे. आता 'खरी' तारीख कुठली म्हणायची, रजिस्टरातली की घरी केक कापतात ती?

हसू नका, हा प्रश्न आपल्याकडे फार घरगुती आहे. तुमच्या आजी-आजोबांचं आधार कार्ड काढा. महाराष्ट्रात ज्या पिढीची नावं शाळेत घालताना जन्मदाखला वगैरे नव्हता, त्यातल्या कितीतरी जणांचा वाढदिवस निघेल १ जून. कारण गुरुजींनी मुलाच्या उंचीकडे बघायचं, अंदाजाने वर्ष ठरवायचं आणि जूनमध्ये शाळा सुरू होते म्हणून तारीख टाकायची १ जून. आईला विचारलं तर ती सांगणार, 'मोठा पाऊस झाला होता त्या साली, पोळ्याच्या आदल्या दिवशी.' ती माहिती खरी, पण फॉर्मच्या चौकटीत बसत नाही. मी कामावर जेव्हा जेव्हा युजरच्या जन्मतारखांचा डेटा बघतो, तेव्हा १ जून आणि १ जानेवारीला आलेख असा उभा खांबासारखा दिसतो. पहिल्यांदा बघणाऱ्या प्रत्येकाला वाटतं डेटा बिघडलाय. डेटा ठीक असतो. फक्त त्यातून त्या माणसाचा जन्म कळत नाही, त्याचं नाव कुणीतरी पहिल्यांदा कागदावर केव्हा आणि कसं लिहिलं ते कळतं.

हे वाक्य जरा धरून ठेवा. पुढे साताऱ्यात लागणार आहे.

माइटनरकडे परत. ऑस्ट्रियात मुलींची सरकारी शाळा चौदाव्या वर्षी संपायची. विद्यापीठाचे दरवाजे मुलींना उघडले १८९७ मध्ये, ते पण काही शाखांचेच. तिने बुडालेली वर्षं खासगी शिकवणीने भरून काढली, १९०१ ला प्रवेश मिळवला, १९०६ ला डॉक्टरेट केली आणि बर्लिनला गेली. तिथे ज्या रसायनशास्त्राच्या संस्थेत ओटो हानबरोबर काम करायचं होतं, तिथे बायकांना प्रवेश नव्हता. तडजोड अशी निघाली, की तळघरातली जुनी सुतारकामाची खोली वापर, वरच्या मजल्यांवर पाऊल टाकायचं नाही. पगार शून्य. पुढे तीस वर्षं तिने आणि हानने एकत्र काम केलं. १९३८ च्या जुलैमध्ये हिटलरच्या जर्मनीतून तिला जवळजवळ रिकाम्या हाताने पळावं लागलं. वर्षाच्या शेवटी हानने युरेनियमवरच्या प्रयोगाचा निकाल तिला स्वीडनला पत्राने कळवला, 'हे असं कसं होतंय?' ह्या अर्थाचा. नाताळाच्या सुट्टीत बर्फातून चालताना तिने आणि तिच्या भाच्याने, ओटो फ्रिशने, गणित मांडलं. अणूचं केंद्रक फुटतंय. अणुविखंडन म्हणतात ते हेच. १९४४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं एकट्या हानला. माइटनरच्या वाट्याला नंतर आवर्त सारणीतला १०९ क्रमांकाचा चौकोन आला, माइटनेरियम. नोबेल विजेते शेकड्यांनी आहेत, नावाचं मूलद्रव्य असलेली माणसं मोजकी. पण हे आपलं समाधान झालं. तिला तेव्हा प्रयोगशाळा हवी होती.

तिसरं नाव घरचं. ७ नोव्हेंबर १८८८, तिरुचिरापल्लीजवळ. चंद्रशेखर वेंकट रामन. रामन माझ्यासारख्या 'दिवसा जॉब, रात्री साइड प्रोजेक्ट' वाल्यांचे मूळपुरुष म्हणायला हरकत नाही. १९०७ मध्ये, वय वर्षं १८, सरकारच्या अर्थखात्यात नोकरी लागली. पोस्टिंग कलकत्ता. दिवसा सरकारी हिशेब, आणि सकाळ-संध्याकाळ बहुबाजारातल्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये प्रयोग. असं दहा वर्षं. १९१७ ला चांगल्या पगाराची सरकारी नोकरी सोडून कमी पगारावर कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९२१ ला बोटीने येताना भूमध्य समुद्राचा निळा रंग बघून त्यांना प्रश्न पडला, तिथून धागा निघाला तो २८ फेब्रुवारी १९२८ ला रामन परिणामापर्यंत गेला. म्हणून तो विज्ञान दिन. १९३० ला नोबेल.

क्युरी, माइटनर, रामन. एका तारखेला तीन. व्हॉट्सॲपवरचा दिनविशेष इथे थांबतो आणि खाली हात जोडलेला इमोजी टाकतो. पण रामन यांची गोष्ट इथे थांबत नाही.

१९३३ मध्ये रामन बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे पहिले भारतीय संचालक झाले. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठातून बीएस्सी पहिल्या नंबराने झालेल्या एका मराठी मुलीचा अर्ज तिथे आला. कमला भागवत. मराठी वाचणाऱ्यांनी आडनाव ओळखलं असेल, लेखिका दुर्गा भागवतांची ही बहीण. रामन यांनी अर्ज नाकारला. गुण कमी नव्हते. अर्ज करणारी मुलगी होती, एवढंच कारण. कमलाबाई बंगळुरूला जाऊन थेट त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि प्रवेश मिळाल्याशिवाय हलणार नाही म्हणाल्या. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर : पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही, कामाचा दर्जा पटला तरच पुढे, आणि तिथल्या मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये. तिने वर्षभर काम करून दाखवलं. त्यानंतर रामन यांनी संस्थेत मुलींना प्रवेश द्यायला सुरुवात केली. कमलाबाईंना, म्हणजे लग्नानंतरच्या कमला सोहोनींना, १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळाली. विज्ञानात पीएचडी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. पुढे मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या संचालक झाल्या.

म्हणजे बघा, ज्या दिवशी जन्मलेल्या दोन बायकांना प्रयोगशाळेचं दार बंद मिळालं, त्याच दिवशी जन्मलेल्या तिसऱ्या शास्त्रज्ञाने तेच दार दुसऱ्या कुणावर लावून घेतलं. रामन मोठे शास्त्रज्ञ होते हे खरं, आणि हेही खरं. दिनविशेषाच्या एका ओळीत दोन्ही मावत नाही म्हणून एक गाळलं जातं, आणि गाळलं जातं ते नेहमी हेच.

थोडा श्वास घेऊ. मध्ये एक कॅलेंडरचा किस्सा सांगतो, कोडिंगवाल्यांना विशेष आवडेल.

७ नोव्हेंबर १९१७, पेट्रोग्राड. रशियन क्रांती. पण सगळं जग तिला 'ऑक्टोबर क्रांती' म्हणतं. कारण रशियात तेव्हा जुनं ज्युलियन कॅलेंडर चालू होतं आणि तिथे त्या दिवशी तारीख होती २५ ऑक्टोबर. बाकीचं युरोप १३ दिवस पुढे. आता ह्या क्रांतीचा एक मुख्य सूत्रधार लिऑन ट्रॉट्स्की. त्याचा जन्म १८७९ चा, जुन्या कॅलेंडरने २६ ऑक्टोबर. म्हणजे त्याच्या स्वतःच्या हिशेबाने क्रांती झाली त्याच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. पण नव्या कॅलेंडरने बघाल तर जन्म ७ नोव्हेंबर आणि क्रांतीही ७ नोव्हेंबर. वाढदिवसाच्याच दिवशी!

हे कसं? २५ ला १३ मिळवले तर ७ नोव्हेंबर येतं. २६ ला १३ मिळवले तर ८ यायला हवं. पण दोन कॅलेंडरांतला फरक कायम नसतो. ज्युलियनमध्ये दर चौथं वर्ष लीप. आपल्या आताच्या ग्रेगोरियनमध्ये शतकाचं वर्ष ४०० ने भागलं गेलं तरच लीप. १९०० हे साल ज्युलियनमध्ये लीप होतं, ग्रेगोरियनमध्ये नव्हतं. त्यामुळे १८७९ ला फरक होता १२ दिवसांचा आणि १९१७ ला झाला १३ चा. ज्याने कोडमध्ये सरसकट १३ टाकले, त्याचा ट्रॉट्स्की एक दिवस उशिरा जन्मणार. नंतर रशियाने कॅलेंडर बदललं तेव्हा ३१ जानेवारी १९१८ च्या दुसऱ्या दिवशी तारीख आली थेट १४ फेब्रुवारी.

आणि हे फक्त रशियाचं नाही. आपण शिवजयंतीला जी १९ फेब्रुवारी १६३० म्हणतो, ती पण ज्युलियन आहे. फाल्गुन वद्य तृतीयेचा तो दिवस आजच्या कॅलेंडरने मोजला तर १ मार्च १६३० येतो. तिथी की तारीख हा वाद दरवर्षी रंगतो, त्यात 'कुठली तारीख' हा उपप्रश्न सहसा कुणी काढत नाही. मी काढला, पण कमेंटमध्ये भांडू नका.

बाकीचं पटकन. १८५८ ला बिपिनचंद्र पाल, लाल-बाल-पालमधले, ह्याच तारखेचे. १८६२ ला शेवटचा मुघल बादशहा बहादूरशाह जफर रंगूनला कैदेत गेला तोही ह्याच दिवशी. १९०५ ला केशवसुत हुबळीला प्लेगने गेले, चाळिशीही पुरती गाठली नव्हती. त्यांची मृत्यूची तारीख पक्की, पण जन्माच्या दोन सांगतात, १५ मार्च १८६६ आणि ७ ऑक्टोबर १८६६. आधुनिक मराठी कवितेच्या जनकाची ही तऱ्हा, मग आपल्या आजोबांचं काय घेऊन बसलात. १९१३ ला अल्बेर काम्यू, १९५४ ला कमल हासन. १९१९ च्या ७ नोव्हेंबरला लंडनच्या 'द टाइम्स'ने सूर्यग्रहणाच्या निरीक्षणांनी आइनस्टाइन बरोबर ठरल्याची बातमी छापली आणि तो एका रात्रीत जगप्रसिद्ध झाला. दुसऱ्या दिवशी, ८ नोव्हेंबरला, मुंबईत पु. ल. देशपांडे जन्मले. एका दिवसाने हुकले, नाहीतर ह्या भागाला आणखी अर्धा तास लागला असता.

आणि १९४० ला अमेरिकेतला टॅकोमा नॅरोज पूल कोसळला. साधारण ६५ किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात, बांधून अवघ्या चार महिन्यांत. तो दोरीसारखा पिळवटणारा पुलाचा व्हिडिओ इंजिनीअरिंगला पहिल्या वर्षी सगळ्यांना दाखवतात आणि 'रेझोनन्स' म्हणून सांगतात. परीक्षेत तेच लिहा, मार्क मिळतील. पण खरं कारण साधा रेझोनन्स नव्हता. वाऱ्याने पूल पिळवटायचा आणि त्या पिळवटण्यानेच वाऱ्याकडून त्याला आणखी ऊर्जा मिळायची. ह्याला फ्लटर म्हणतात.

आता सातारा.

७ नोव्हेंबर १९००. साताऱ्याचं सरकारी हायस्कूल, राजवाड्यातलं. आज त्याला प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात. इंग्रजी पहिलीत एका नऊ वर्षांच्या मुलाचं नाव दाखल झालं. भिवा रामजी आंबेडकर. रजिस्टरला नंबर १९१४. ते रजिस्टर शाळेने जपून ठेवलंय.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूचा. तो दिवस सगळ्यांना पाठ आहे. मग ७ नोव्हेंबर कशाला? कारण ही जन्माची तारीख नाही, नोंदीची आहे. मघाशी म्हटलं ना, कागदावर नाव पहिल्यांदा केव्हा लिहिलं गेलं? वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेत शिकवायचे, म्हणून मुलाला अक्षर घरातच मिळालं. तरी रजिस्टरात नाव आलं म्हणजे वर्गात जागा मिळाली असं नव्हतं. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय, बसायला गोणपाट घरून न्यायचं, वेगळं बसायचं, आणि संध्याकाळी तेही घरी परत आणायचं, कारण शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावणार नाही. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. शिपाई असला तर तो नळ सोडणार. शिपाई आला नाही, तर त्या दिवशी पाणी नाही.

त्या शाळेत तो मुलगा १९०४ पर्यंत होता. नंतर कुटुंब मुंबईला परळला आलं आणि तो एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये गेला. त्याच्या पुढे कोलंबिया, लंडन आणि संविधान.

२०१७ मध्ये महाराष्ट्र सरकारने ७ नोव्हेंबर हा 'विद्यार्थी दिवस' म्हणून शाळांमधून साजरा करायचा असं ठरवलं. जयंती नाही, पुण्यतिथी नाही, एका मुलाचं ॲडमिशन झालं तो दिवस. जगात असे दिवस किती असतील हे मला शोधायला आवडेल. आणि मला वाटतं ७ नोव्हेंबरच्या यादीत खरं तर ही ओळ सगळ्यात वर हवी, क्युरी आणि रामन यांच्या वर. फॉरवर्डमध्ये ती बहुतेक वेळा नसतेच, कारण ते ज्या इंग्रजी याद्यांवरून बनतात त्यात फक्त तीन रकाने असतात : घटना, जन्म, मृत्यू. शाळेत नाव घातलं, हे त्यातल्या कशातच धरत नाहीत.

साताऱ्याला गेलात तर कासला जाणाऱ्या गर्दीतून अर्धा तास काढा आणि राजवाड्याकडे वळा. सुट्टीचा दिवस असेल तर शाळा बंद असते, तेवढं आधी बघा.

पुढच्या भागासाठी तारीख तुम्ही सुचवा, कमेंटमध्ये किंवा व्हॉइस नोट पाठवून. फक्त १ जून नको, त्या दिवशी अर्धा महाराष्ट्र जन्मलाय.